डावीकडून पाचवी खिडकी

९ एप्रिल
बाबांना साथीच्या रुग्णालयात नेलं. रुग्णवाहिकेला फोन मीच केला होता. तीन दिवस त्यांनी ताप अंगावर काढला आणि मी बघायच्या आत थर्मामीटर झटकून ठेवत राहिले. मला कळणार नाही असं वाटलं! गाडीत चढताना एवढंच म्हणाले, "पोटच्या पोरीनं धरून दिलं." मग स्वतःचा फोन बंद करून खिशात टाकला.

१० एप्रिल
भेट बंद. बाबा बोलायला तयार नाहीत. निदान खिडकी कोणती ते सांगा, असं मी फोनवर वॉर्डातल्या नर्सला म्हटलं. ती त्यांच्या पलंगाशीच उभी होती, खोकला ऐकू येत होता. मोजून सांगितलं तिने — दुसरा मजला, डावीकडून पाचवी.

११ एप्रिल
इमारत चौकात काटकोनात वळते. दुसऱ्या मजल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग अठरा खिडक्या. दोन टोकांच्या मधोमध बंद पडलेला बसथांबा. तिथे डाव्या बाजूकडे तोंड करून बसले. दहा मिनिटांत पोलीस आला. काम असेल तर बसा, नुसतं वर बघत बसायचं नाही, म्हणाला.

१२ एप्रिल
मग काम नेलं. बाबांची ब्रशची पेटी. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. मी ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. रेघ वाकडी दिसली की माझा हात आपोआप जातो, म्हणून बाबा मला फुटपट्टी म्हणतात. पोलीस मागे उभा राहून बघत होता. लोकांना भाजी मिळेना आणि बाईंना चित्रं सुचतायत, असं म्हणाला. पण सकाळी सात ते आठ बसू दिलं.

१३ एप्रिल
पडदा हलला नाही.

१४ एप्रिल
आत्याचा फोन. बापाला धाडलंस आणि त्याच्याच ब्रशांनी रंगवत बसलीस, लोक काय म्हणतील! मी ताप सांगितला — एकशे दोन पॉइंट चार. ती म्हणाली, सगळं मोजून होत नसतं बाई.
मोजलं नाही की काय होतं ते तिला माहीत आहे. आईच्या वेळीही हेच. उतरेल, बघू, उद्या नेऊ. तेव्हा मी गप्प बसले. या वेळी बसले नाही. एवढाच माझा गुन्हा.

१५ एप्रिल
पडदा तसाच. चित्र बरं झालं.

१६ एप्रिल
नर्सला विचारलं, उठता येतं का त्यांना? येतं म्हणे! रोज सकाळी सातच्या आधी खुर्ची ओढून खिडकीशी बसतात. म्हणजे बसतात, पण पडद्याआड. मला दिसू नयेत म्हणून. खिडकीखालचा गंजाचा ओघळ, तुटलेली काच, सज्जाची सावली — सगळं जागच्या जागी काढलं मी. माणूस तेवढा काढता येत नाही, कारण माणूस हट्टाला पेटलाय. पेटू दे. हट्टात मीही त्यांचीच मुलगी आहे.

१७ एप्रिल
हात वर करून हलवला. पूर्ण मिनिटभर. पोलिसाने मान फिरवली. वरून काही नाही.

१८ एप्रिल
खिडकी काळी रंगवली. काळा रंग नळीतून थेट कधी लावू नये, असं बाबा म्हणतात. लावला.

१९ एप्रिल
आज गेलेच नाही. बघू दे वाट.

२० एप्रिल
सहा वाजता नर्सचा फोन. पहाटे श्वास कमी पडला, आतल्या खोलीत हलवलं. तिथे खिडकी नाही.
काल दुपारपर्यंत त्यांनी खुर्ची सोडली नाही म्हणे. नेताना तिला विचारत होते, "फुटपट्टी रोज येते, पण माझ्याकडे पाठ करून का बसते?"
तिने आतून मोजल्या होत्या. मी बाहेरून मोजल्या. नकाशे काढते मी!
काही निरोप द्यायचा का, तिने विचारलं. जमलं तर चित्र त्यांच्यासमोर भिंतीला लावीन, म्हणाली.
सात चित्रं जमिनीवर मांडली आहेत. उजवी बाजू एकातही नाही.