तिसरा नकार

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. इकडे मी आणि माझी मैत्रीण, दोघी ठीक. दातांची डॉक्टर असूनही तिचं नाव आता घरात ‘दातवाली’च पडलंय, तुझ्या कृपेने. ती दवाखान्यात गेली आहे आणि मी रजा काढून घरी बसले आहे. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी विषय बदलते, म्हणून कागद घेतला.

आधी ऑफिसचं सांगते. आमची आरोग्य पाहणी दर पाच वर्षांनी होते, हजारो घरांत. वय, काम, रक्तदाब, झोप, उदासी, सगळं विचारतो. यंदा एक नवा प्रश्न होता: तुम्हाला ओढ कोणाची वाटते? पुरुषांची, स्त्रियांची, दोघांची, की कोणाचीच नाही? शेवटी ‘सांगायचं नाही’ हाही पर्याय. प्रश्न मी लिहिला. बाईची ओढ असलेल्या बाया, पुरुषाची ओढ असलेले पुरुष नीट झोपतात का, उदास असतात का, डॉक्टरकडे वेळेवर जातात का, हे आमच्या एकाही तक्त्यात नाही म्हणून.

आधी ऑफिसातल्याच चाळीस जणांवर चाचणी झाली. नियम असा की दोनपेक्षा जास्त जणांनी सांगायला नकार दिला तर प्रश्न काढायचा. नकार आले तीन.

बैठकीत आमच्या संचालक बाई म्हणाल्या, “आपलीच माणसं बोलत नाहीत, तर लोकांच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं?” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

ताई, तिसरा नकार माझा होता.

मला प्रश्न विचारले ते पाहणीसाठी नेमलेल्या एका निवृत्त मास्तरांनी. माणूस सज्जन, पण आवाज चाळीस पोरांच्या वर्गाचा. “तुम्हाला ओढ कोणाची वाटते?” हे त्यांनी असं विचारलं की पलीकडच्या टेबलावर चहा पिणारे दोघे कप हातात धरून थांबले. मी म्हटलं, सांगायचं नाही. मास्तरांनी शांतपणे खूण केली. स्वतःचाच प्रश्न मी स्वतः बुडवला.

बैठकीनंतर मी संगणकापुढे बसून राहिले. ती फाइल मला उघडता येते. एक खूण बदलली असती तर तिनाचे दोन झाले असते, कुणाला पत्ता लागला नसता. केलं नाही. प्रामाणिकपणामुळे की भीतीमुळे, खरंच सांगता येत नाही. मग बाईंच्या खोलीत गेले.

“बाई, तिसरा नकार माझा.”

“तुझा? प्रश्न तूच लिहिलास ना गं?”

“हो. पण मास्तरांचा आवाज...”

“मग बैठकीत का गप्प बसलीस?”

“बोलले असते तर नकार का दिला, हेही सांगावं लागलं असतं.”

बाईंनी वही पुढे ओढली. “ते मला सांगू नकोस. मला आवाजाचं सांग.”

असं कुणी बोलेल असं मला वाटलं नव्हतं. रडू येईल म्हणून मी भराभर सगळं सांगितलं.

उत्तरं तीच येतात का हे बघायला चाळीस जणांना पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचं ठरलेलंच होतं. बाईंनी प्रश्न काढायचं तोवर थांबवलं आणि एक बदल केला: हा प्रश्न मोठ्याने वाचायचा नाही, टॅब समोरच्याच्या हातात द्यायचा. माझा पहिला नकार कागदोपत्री तसाच राहिला, तो राहू द्या असं मीच म्हटलं. काल माझी पाळी. पुन्हा मास्तरच. त्यांनी टॅब दिला आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

मी ‘स्त्रियांची’ यावर बोट ठेवलं.

मास्तरांनी टॅब परत घेतला, पुढचं पान उघडलं आणि त्याच दणदणीत आवाजात म्हणाले, “दात दिवसातून किती वेळा घासता?”

“दोनदा. घरात धाक आहे,” मी म्हटलं, आणि दोघंही हसलो. त्यांना काय समजलं कुणास ठाऊक. आभाळ कोसळलं नाही. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते तेच आठवेना.

या खेपेला नकार एकच आला. प्रश्न राहिला.

आता तुझं. दोन वर्षांपूर्वी तू विचारलंस, “तुम्ही दोघी सड्याफटिंग अशा किती दिवस राहणार?” मी म्हटलं, तिला इथून दवाखाना जवळ पडतो. दवाखाना तासभर लांब आहे, ताई. अकरा वर्षं ती रोज जाते-येते, माझ्यासाठी.

तू येणार म्हटलं की आम्ही बाहेरच्या खोलीत तिचा पलंग मांडतो. तिची उशी, चष्मा, अर्धवट वाचलेलं पुस्तक, सगळं पुराव्यासारखं. तू आत माझ्याजवळ झोपतेस, ती बाहेर. तू गेलीस की पलंग पुन्हा भिंतीला. ती कधी कुरकुरली नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

पुढच्या शनिवारी तू येशील तेव्हा तो पलंग तुझा असेल. नवी गादी आणली आहे, काल दोघींनी जिन्यावरून ओढत वर नेली. रागावलीस तर रागावून ये, पण ये. भांडण समोरासमोर करू. स्टेशनवर तुला घ्यायला आम्ही दोघी येतोय.

पहिल्यांदाच तुला सगळं सांगितलेली,
तुझी धाकटी