एस्किलची गाडी

२४ नोव्हेंबर

आज परत तेच. साडेसहाला अंगणात खट्ट झालं, गाडीचे दिवे लुकलुकले, आतला पंखा घरघरायला लागला. मी कॉफीचा मग घेऊन खिडकीत. बघता बघता काचेवरचा बर्फ कडेने पातळ झाला, मग सरकला, मग काच काळीभोर, स्वच्छ. आत कोणी नाही.

ही वेळ एस्किलने लावून ठेवलीय. कामाच्या दिवशी गाडी आपली आपण तापते. सातला त्याला मासळीच्या कारखान्यात पोचायचं असायचं. "बाबा, काच खरवडत बसायचे दिवस गेले तुमचे!" असं बापाला चिडवायचा. माझ्या नवऱ्याचा, टोरलाइफचा जन्म गेला रस्त्यावरचा बर्फ लोटणारा ट्रक चालवण्यात. तो नुसता हुंकारायचा.

ऑक्टोबरात एस्किल छोटी होडी घेऊन गेला. रात्रीच्या जेवणाला मासे आणतो म्हणाला. होडी खडकांपाशी सापडली. उलटलेली नाही, फुटलेली नाही. रिकामी.

तो सापडलेला नाही. म्हणून मी रोज गाडी चार्जिंगला लावते. आला की लागेलच त्याला.

हे कोणाशी बोलत नाही. इथे लिहिते.

२५ नोव्हेंबर

गुनवोर कुंपणापाशी थांबली. "अगं हेर्दिस, विकून टाक ना ती गाडी. सारखी डोळ्यांसमोर कशाला?" शेजारीण वाईट मनाची नाही. पण तिची तिन्ही मुलं घरी जेवतात!

३ डिसेंबर

हाडं फोडणारी थंडी. सूर्य मावळून गेला तो आता जानेवारीच्या शेवटीच उगवणार. चार्जिंगचं झाकण बर्फाने चिकटलं होतं आणि केबल सुकवलेल्या कॉड माशासारखी ताठ. मी किटलीतलं कोमट पाणी घेऊन गेले तोच टोरलाइफ मागून ओरडला —

"पाणी ओततेस? मिनिटात दगड होईल त्याचा! सरक."

हातमोजे काढले, दोन्ही तळवे झाकणावर दाबून उभा राहिला. बराच वेळ. झाकण सुटलं. प्लग खोचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोणासाठी चार्ज करतेस गं?"

"एस्किलसाठी."

बोटं लालबुंद झाली होती, ती खिशात घालून आत गेला.

मी गाडीत बसले थोडा वेळ. सीट इतकी मागे की माझे पाय पेडलला पोचत नाहीत. सरकवली नाही. दारं लावून घेतली. अजून त्याचा वास आहे — मासळी, च्युइंगम, ओली लोकर. सारखी दारं उघडली तर जाईल, म्हणून हल्ली कमीच बसते.

९ डिसेंबर

गाडी मेली.

साडेसहा झाले. पावणेसात झाले. अंधार तो अंधार. धावत गेले — दार उघडेना, दिवा नाही, काही नाही. मी दारावर थापा मारत राहिले. घरातल्या चपलांवर! टोरलाइफने मला उचलून आत आणलं. मी ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही.

दुपारी गॅरेजमधली युरीद आली. एस्किलच्या वर्गातली. तिने पुढचं झाकण उघडलं. "मोठी बॅटरी भरलेली आहे गं, हेर्दिस. ही छोटी गेलीय. हिच्यावाचून गाडीला जागच येत नाही. थंडीत हमखास होतं." छोटी बॅटरी बदलली. दिवे लागले. मी युरीदच्या गळ्यात पडून रडले, तिच्या तेलकट कोटाला तोंड लावून.

टोरलाइफ तिच्याशी बराच वेळ बाहेर बोलत उभा होता. मला काय, गाडी जागी झाली होती.

१० डिसेंबर

साडेसहाला सुरू झाली!

२४ डिसेंबर

नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण, बर्च झाडाच्या काड्यांवर वाफवलेल्या मेंढीच्या फासळ्या. एस्किलचा जीव की प्राण. मी तीन ताटं मांडली. टोरलाइफने तिसऱ्याकडे बघितलं, "हेर्दिस, पुरे आता," म्हणाला. मी ताट उचललं नाही. त्याने मान खाली घालून दोन घास खाल्ले आणि झोपायला गेला. पहाटे ट्रक न्यायचा होता.

याला अश्रू नाहीतच का? ऑक्टोबरपासून एकदाही नाही. पोटच्या पोरासाठी!

२५ डिसेंबर

आज नाताळ. सगळं बंद, कारखाना बंद. एस्किलने वेळ लावलीय ती फक्त कामाच्या दिवसांची. सुट्टीला गाडी झोपलेली असते.

आज सुरू झाली.

दोनदा खिडकीपाशी जाऊन बघितलं. आज सुरू झाली! मग हे कोण करतंय?

८ जानेवारी

टोरलाइफने दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. म्हणजे मनात घोकून आला होता. पाद्रीबाई परत विचारत होत्या — देह नसला तरी चर्चमध्ये प्रार्थना ठेवता येते. आणि शहरातून एकजण शनिवारी गाडी बघायला येणार.

"कोणाला विचारून?"

"अगं, उभ्या उभ्या गाडी खराब होते..."

"गाडी खराब होते! पोरगं समुद्रात आणि तुला गाडीची पडलीय! दगड आहेस तू, टोरलाइफ. दगड!"

ऐकून घेतलं. मी किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. शनिवारी तो माणूस आला नाही तरच बरं.

११ जानेवारी

आला नाही. टोरलाइफनेच फोन करून नको म्हणून कळवलं. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्ही हल्ली फक्त मीठ मागतो एकमेकांना.

१७ जानेवारी

लिहायला बसले तरी बोटं अजून वळत नाहीत.

सकाळी पोलिसांचा फोन. आमच्या बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर बूट सापडलाय, येऊन बघाल का? टोरलाइफ ट्रकवर. त्याला कळवलं नाही. आमची जुनी डिझेल गाडी थंडीने सुरूच होईना. शेवटी पिठातून किल्ली काढली. एस्किलची सीट पुढे सरकवली. सरकवताना डोळे मिटून घेतले.

निघाले तेव्हा गाडी पुष्कळ चार्ज दाखवत होती. घाट चढेपर्यंत अर्धा उडाला! थंडी खाते आणि हीटर खातो. हीटर बंद केला. मागच्या सीटवर एस्किलची घोंगडी होती, ती गुडघ्यांवर घेतली. श्वासाने काच आतून गोठायची, मी हाताने पुसायची.

शहरातल्या पोलीस चौकीत टेबलावर तो बूट. एका पिशवीत. शेवाळ लागलेला.

एस्किलचा नाही. त्याहून लहान, दुसऱ्याच तऱ्हेचा.

मी हसले. मोठ्याने हसले! मग समोरच्या पोलिसाचं तोंड बघितलं आणि शरमले. हा बूट कोणाचा तरी आहेच ना. कुठेतरी कोणीतरी आई खिडकीत उभी असेल.

परतायला शहरात चार्ज करावं लागलं. चार्जर दोन, त्यातला एक बंद. दुसऱ्यापुढे रांग. प्लग लावला तरी बॅटरी इतकी गारठलेली की घोट घोट पीत होती, आजारी माणसासारखी. मागच्या गाडीतली बाई खिडकी खाली करून म्हणाली, "थांबू नको आता, घाट बंद करताहेत!" मी जेमतेम पुरेल असं वाटल्यावर निघाले.

घाटाच्या तोंडाशी अडसर पडलेला. वादळ. सगळ्या गाड्या ओळीने, बर्फ लोटणाऱ्या ट्रकच्या मागोमाग एकदम सोडणार. ट्रकचा माणूस दिवा घेऊन एकेका गाडीपाशी येत होता. माझी काच वाजवली, मी ती खाली केली.

"चार्ज किती उरलाय? मधे बंद पडली तर सगळी ओळ अडकेल—"

टोरलाइफ. भुवया पांढऱ्या झालेल्या. एस्किलची गाडी त्याने आधीच ओळखली होती की मला बघून हबकला, कळलं नाही.

"तू? ह्या गाडीत? कुठे गेली होतीस?"

"बूट सापडला होता. त्याचा नाही."

तो तसाच उभा. मागच्याने हॉर्न दिला तरी हलेना. बर्फ खिडकीतून माझ्या मांडीवर येत होता.

"मला का नाही सांगितलंस गं?"

त्याने आत हात घालून माझी टोपी कानांवर ओढली. "माझ्या लगेच मागे ये. मी हळू घेतो. दिव्यांवरून नजर काढू नकोस."

घाटभर मी त्याचे दोन लाल दिवे बघत आले. बाकी सगळं पांढरं. कधी नव्हे तो एवढा हळू चालवत होता.

२६ जानेवारी

सूर्य आला! डोंगराच्या खाचेत जेमतेम संत्र्याच्या फोडीएवढा, तेवढ्यात गेलाही. जॅम भरलेले गोड पाव केले, दरवर्षीसारखे. पाव द्यायला युरीदच्या गॅरेजवर गेले आणि धीर करून विचारलंच — नाताळला गाडी कशी सुरू झाली? सुट्टी होती तरी?

ती माझ्याकडे बघत राहिली. "हेर्दिस, तुला ठाऊक नाही? मी छोटी बॅटरी बदलली तेव्हा लावलेली वेळ पुसली गेली. मी म्हटलं टोरलाइफला, परत लावून देते. तर म्हणाला, नको, नीट लागली नाही आणि एखाद्या दिवशी चुकली तर? मी स्वतःच करीन. फोनवरून कसं करायचं ते शिकवून घेतलं माझ्याकडून. तीनदा समजावलं तेव्हा कळलं त्याला."

घरी कशी आले ठाऊक नाही. टोरलाइफ टेबलाशी पाव खात होता.

"नाताळला सुट्टी असते एस्किलला," मी म्हणाले.

पाव खाली ठेवला. कळलं त्याला. "विसरलो गं."

"म्हणजे डिसेंबरपासून तूच सुरू करत होतास?"

"तू चपलांवर धावलीस ना बर्फात. परत दिवे नाही लागले तर काय करशील, ह्याची धास्ती बसली मला. घाटावर जिथे असेन तिथे ट्रक थांबवायचा, बटण दाबायचं. तिथे फोन लागत नसला तर खाली उतरून यायचो."

"मग विकायला का निघाला होतास?"

"रोज सकाळी दाबताना वाटायचं, तू घरी त्याला जिवंत करतेयस आणि मी... मी तुला फसवतोय. दाबवत नव्हतं गं मला."

आणि मग तो रडला. केवढा तरी आवाज होता त्याचा. मी त्याला दगड म्हणाले होते. त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले, चुलीवरचं दूध उतू जाऊन करपेपर्यंत.

२७ जानेवारी

उद्यापासून दाबू नकोस, असं काल त्याला सांगितलं.

आज साडेसहाला काही झालं नाही. काच पांढरीच राहिली. मी खिडकीतून बाजूला झाले, अंथरुणात जाऊन पडले आणि घोंगडी चावून चावून रडले. त्याने घाटावरून फोन केला. मी त्याच्या ट्रकची घरघर ऐकत राहिले. दोघांनीही फोन ठेवला नाही.

११ फेब्रुवारी

पोलिसांचा फोन आला. कॉडच्या मोसमाची पहिली जाळी ओढताना, बाहेरच्या बेटांपाशी देह सापडला. ह्या वेळी बघून ओळखायला बोलावलं नाही, त्यांनी दातांवरून ओळख पटवलीय. एस्किलच.

न्यायला कोण येणार, विचारत होते. मी म्हणाले, आम्ही दोघं.