आईच्या पंचाहत्तरीचा केक

२ मार्च २०२५, रविवार
संकल्प: १ जूनला आईची पंचाहत्तरी. केक मी स्वतः करणार. अस्सल ब्रिटिश फ्रूट केक, तीन महिने मुरवलेला. आई गेल्याच आठवड्यात नागपूरहून इकडे इंग्लंडात, स्लाऊला आलीय. तिकडे तिला माझा धाकटा भाऊ परीक्षित सांभाळतो, असं त्याचं म्हणणं. तिच्या पासपोर्टचा फॉर्म कोणी भरला? मी. मुलगा कसा असतो ते त्याला त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर दाखवतोच.
देवयानी म्हणाली, आईंना एकदा विचारून घे. बायकोची अक्कल. विचारलं तर सरप्राइज कसलं?

९ मार्च
केक झाला. वजन विटेचं, रंगही. इंग्रज लोक हेच लग्नाला खातात, हेच बारशाला, हेच नाताळला. जिभेशी काही देणंघेणंच नाही यांचं. याला दर रविवारी ब्रँडी पाजायची म्हणे. आईला दारू चालत नाही. मी चहा पाजणार. एवढी साधी गोष्ट यांना आजवर सुचली नाही.

१३ एप्रिल, सकाळी ८
केकवर पांढरी लव आलीय. म्हणजे मुरतोय.

सकाळी ८.२०
बुरशी आहे. इथला चहाच मिळमिळीत, त्याला मी काय करणार? केक बिनमध्ये.

१७ मे
सुपरमार्केटमधून साधा फ्रूट केक आणला. खरी कला आयसिंगमध्येच असते.
केकवर खोचायचा टॉपर आला. इंग्रजीत ‘आई ७५’ मागवलं होतं, सोनेरी अक्षरांत. दोन ए, मग आय. तो बनवणाऱ्या बाईने एकच ए टाकला. आता वाचलं तर एआय ७५. वर चिठ्ठी: तुमची स्पेलिंग मिस्टेक सुधारली आहे, चार्ज नाही. हिला आई नसावी.

३१ मे
रॉयल आयसिंगचे तीन थर दिले. ते मऊ राहावं म्हणून घालतात ते ग्लिसरीन वगळलं, उगाच केमिकल कशाला? पुठ्ठ्याचा ए कापून, रंगवून टॉपरला चिकटवला. लांबून कळत नाही.

१ जून, संध्याकाळी ५
सुरी आत जाईना. देवयानीने न सांगता हातोडी आणून ठेवली. तेवढ्यात पुठ्ठ्याचा ए पडला.
परीक्षितला कॉल लावला, केक दाखवला. तो म्हणाला, दादा, आज काय आहे? मी म्हणालो, सख्ख्या आईचा वाढदिवस विसरलास, लाज वाटत नाही? तेव्हा आईच म्हणाली, अरे, ती तारीख मास्तरांची. शाळेत नाव घालताना त्यांनी सगळ्या वर्गाला १ जून लावला, आणि मला लवकर बसवायची म्हणून दोन वर्षं वाढवली. जन्म तुळशीच्या लग्नाच्या दिवशीचा. परीक्षितकडे दरवर्षी औक्षण होतं. यंदा त्र्याहत्तर पूर्ण होतील.
मी विचारलं, मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? म्हणाली, तू दरवर्षी १ जूनला न चुकता फोन करायचास. तेवढाच करायचास. सांगितलं असतं तर तोही गेला असता.
लाज वाटली. आईने आयसिंगचा एक तुकडा तोंडात धरला, बराच वेळ चघळला आणि छान झालंय म्हणाली.

२ जून
तुळशीचं लग्न नेमकं कधी असतं ते देवयानीला विचारणार होतो. विचारलं नाही. गुगल केलं. यंदा २ नोव्हेंबर.
आईचं परतीचं तिकीट २० ऑगस्टचं आहे. मीच काढलंय.