फोटोतली चावी

३ फेब्रुवारी, सोमवार

लेकीनं फोटो टाकला! नव्या घराची चावी तळहातावर, मागे दार, दारावर ठसठशीत घर नंबर — म्हणजे चोराला पत्ता विचारायचीही तसदी नको. खाली लिहिलंय, 'अखेर माझं स्वतःचं घर!' भाड्याचं आहे, पण असो. तीनशे जणांनी अभिनंदन केलंय. मावशी, आत्या, शाळेतल्या बाई आणि ती स्वतःही ओळखत नसेल असे अडीचशे.

मी चावीचे दात मोजले. पाच. एकतीस वर्षं चाव्या घासतोय. लोक फोटोत चेहरा बघतात, मी खाचा बघतो. ही चावी मला नुसती बघून करता येईल. आणि मला येतं म्हणजे आणखीही कुणाला येत असणार.

लगेच फोन केला. 'बाबा, तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतात!'

दिसणारच. चोर नसते तर आपली चूल कशावर पेटली असती, बाळे?

४ फेब्रुवारी

बायको म्हणते, 'लेक घर सोडून गेली, त्याचा राग चावीवर कशाला काढता?'

उगाच काहीतरी बोलते. (थोडं खरं आहे.)

६ फेब्रुवारी

पुन्हा फोन. फोटो पुसून टाक म्हटलं. 'एवढं सोपं असेल तर बनवून दाखवा ना!'

बनवून दाखवा म्हणाली! आता यात माझा काय दोष?

मोबाइलवर फोटो मोठा केला. चावीशेजारी तिचा अंगठा दिसतो. तो मला पाठ आहे. चार वर्षांची असताना दारात चेपला होता, नख अजून वाकडंच आहे. त्यावरून माप धरलं आणि कानस हातात घेतली. पहिली कोरी चावी वाया गेली. दुसरी झकास उतरली.

७ फेब्रुवारी

ती कामावर असताना गेलो. नुसती कुलपात फिरवून बघायची, एवढंच ठरलं होतं. फिरली! पहिल्या झटक्यात! त्या आनंदात दार कधी ढकललं ते कळलंच नाही. चिठ्ठी मात्र आधीच खिशात तयार होती — 'चोर येऊन गेला. आपला नम्र, बाबा.' ती टेबलावर ठेवायची आणि निघायचं.

टेबलावर उष्टा कप. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, आमच्याकडे असायचा तस्साच. बरं वाटलं. हात धुवायला बेसिनपाशी गेलो. पेल्यात दोन टूथब्रश.

दोन!

चिठ्ठी परत खिशात. पावलं न वाजवता बाहेर. चोर कसा येईल ते दाखवायला गेलो आणि स्वतःच चोर होऊन परतलो. लाज वाटतेय.

८ फेब्रुवारी

इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर घरात शिरलो हे कळणार. न सांगावं तर फोटो तसाच राहणार, आणि पोर तिथं एकटी. (एकटीच ना?)

जेवताना बायको म्हणाली, 'चेहरा का पडलाय?' म्हटलं, दाढ दुखतेय. 'मग ब्रश नीट करत जा.' ताटावरून उठलोच!

९ फेब्रुवारी, रविवार

लेक आली होती. चावी तिच्यापुढे ठेवली, सगळं सांगितलं. आधी हसली. मग 'आत गेलात?' म्हणाली आणि चावी उचलून मुठीत धरली. मग म्हणाली, 'बाबा, मी जगाला चावी दाखवली. घर नाही दाखवलं.'

बरोबर बोलली. माफी मागितली. ब्रशचा विषय मी काढला नाही, तिनंही नाही, पण कान लाल झाले होते. दोघांचेही.

फोटो तिनं तिथल्या तिथे पुसला. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, 'कुलूपही बदलतेय. आजच. बस स्टॉपवाल्याकडून.'

बस स्टॉपवाला! त्याची चावी फिरते कमी आणि अडकते जास्त! चावीवाल्याची लेक आणि कुलूप त्या धांदरटाकडून! दिवसभर जुनी कुलपं खोलत बसलो. बायको दोनदा चहा ठेवून गेली.

११ फेब्रुवारी

नवं कुलूप बसलं म्हणे. एक चावी बायकोला दिलीय. कुठं ठेवलीस विचारलं, तर नुसती हसते.

१३ फेब्रुवारी

दुकानात एक टापटीप माणूस आला. 'चावी हरवलीय. फोटोवरून होईल का?' मोबाइल पुढे केला. पाच दात. वाकड्या नखाचा अंगठा. मागे घर नंबर. लेकीनं पुसण्याआधीच उतरवून ठेवलेला.

'घर कुणाचं?' मी विचारलं.

'माझंच,' म्हणाला.

देव त्या बस स्टॉपवाल्याचं भलं करो.