कृपया गुण देऊ नयेत

इंदिरानगर, नाशिक
५ जून २०२५

ती. कारभारीकाकांस सविनय जय भीम.

पत्र बघून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. तुम्ही मोबाइलवर फोटो उघडत नाही, म्हणून चार पानं रेघोट्या टपालाने पाठवतेय.

काका, मला औषध सापडलंय! चोवीस तारखेला पंचवटीतल्या एका शाळेत शिकवून दाखवायचं आहे. आधीच्या दोन शाळांत फळ्यापुढे उभी राहिले आणि आवाजच गेला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या वेळी जमलं नाही तर बाबा म्हणतात, शिक्षकीचा नाद सोड. पण शेजारच्या संजनाताईंनी युक्ती शिकवली. श्वास घेताना रेघ वर न्यायची, सोडताना खाली आणायची, अगदी हळू. पट्टी नाही, खोडरबर नाही. पानभर लाटा झाल्या की धडधड उतरते.

काकूंना जय भीम. लोभ आहेच, तो माझ्या रेघांवरही असू द्या.

तुमची तेजल

लासलगाव
१० जून

चि. तेजल हिस अ. उ. आ.

पानं तपासून सोबत परत पाठवत आहे. पहिल्याला दहापैकी पाच, लाटांची उंची सारखी नाही. तिसऱ्यावर समास सोडलेला नाही. चौथं बरं, सात. रेघांनी भीती जाते हे मला पटत नाही, तू पाठाची तयारी वाढव. कोरा कागद दिला तरी मी तपासून देईन, असं तुझी काकू म्हणते. चौतीस वर्षांच्या मास्तरकीची खोड, जाणार कुठे?

इकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग आपल्या दारापर्यंत आली आहे. दुपारची झोप गेली.

तुझ्या यशाची वाट पाहणारा,
काका

इंदिरानगर
१४ जून

ती. काकांस सविनय जय भीम.

पाकिटातली लाल शाई दिसली आणि छाती धडधडू लागली. मग हसूच आलं, कारण रोगाचं मूळ सापडलं. चौथीत मी तुमच्याच वर्गात होते. फळ्यावर चुकले की तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचात, “गुरुजींच्या पुतणीला हे शोभत नाही.” फळ्यापुढे गेलं की अजून तेच ऐकू येतं.

मी रागावलेली नाही. पण आता हुकूम माझा. तुम्ही तीन पानं लाटा काढायच्या, पेनाने. कृपया गुण देऊ नयेत.

तुमची (अजूनही लाडकी?) तेजल

इंदिरानगर
२४ जून

ती. काकांस सविनय जय भीम.

तुमचं उत्तर आलं नाही. फार बोलून गेले की काय, या काळजीतच शाळेत गेले. वर्गाकडे पाहिलं आणि आवाज गेला. फळ्याकडे वळले. खडूने एक लाट काढली, श्वासाबरोबर. मग दुसरी, तिसरी. मागची कुजबुज थांबली. वळून बघते तर पोरं वह्यांत लाटा काढत होती! एकीने विचारलं, “मॅडम, माझी वाकडी आली, चालंल का?”

मी म्हणाले, “चालेल. माझीही वाकडीच आहे.”

काका, आवाज आला! पुढचा तासभर थांबलाच नाही. सोमवारी रुजू व्हायचं आहे. आता तरी लिहा, तुमच्या अक्षराशिवाय हा आनंद अर्धाच आहे.

तुमची तेजल

लासलगाव
२८ जून

चि. तेजल हिस अ. उ. आ.

काकूने गल्लीभर पेढे वाटले, ट्रॅक्टरवाल्यांनाही.

उत्तराला उशीर झाला, कारण तीन पानांना मला दहा दिवस लागले. खोडरबर नाही म्हटल्यावर पहिल्याच रेघेला हात थरथरला. चार वेळा पेन खाली ठेवलं. माझ्या फळ्यापुढे किती लेकरं अशी थरथरली असतील, ते तेव्हा कळलं. त्या वाक्याबद्दल, तेजल, माझं चुकलं.

पानं सोबत आहेत. लाल पेनानेच काढलीत, दुसऱ्या कामाला ते आता लागणार नाही. फार वाकडी आली आहेत. तुझ्या वर्गाच्या भिंतीवर लाव, पोरांना दिसतील अशी, आणि खाली नाव लिही: कारभारी गुरुजी.

तुझा काका