घरमालकाचं मूळ गाव

आप्पा, परवा आयर्लंडमधल्या एका म्हाताऱ्याला मी वंशावळ म्हणताना ऐकलं. तुमच्यासारखीच, एका दमात. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण हे सांगायला मला दुसरं कुणी सुचेना.

आम्ही इकडे परदेशात, हॅमिल्टन शहरात एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. तुमची सून इथे नर्स आहे. मी तिच्या व्हिसाच्या कागदांवर आलो आणि गोदामात माल लावतो. वरच्या मजल्यावर घरमालक एकटाच असतो. जन्म पोलादाच्या कारखान्यात गेला, बायको वारली, मूल झालं नाही. त्याच्या आयरिश आजोबांना लहानपणी एका संस्थेने लिव्हरपूलहून बोटीत बसवून इकडे शेतावर राबायला पाठवलं होतं. आपल्याला कुणी नाही, एवढंच आजोबा सांगायचे म्हणे. गेल्या हिवाळ्यात मी त्याच्या दारापुढचा बर्फ शोव्हल करून वर गेलो, तर तो कॉम्प्युटरपुढे बसलेला. आयर्लंडमध्ये त्याच्या आडनावाची माणसं ढिगाने सापडत होती, त्यातलं आपलं कोण ते कळत नव्हतं. मी विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?"

"आयर्लंड."

"तो देश झाला. गाव?"

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाला, "माझ्यापुढे कुणी नाही, पोरा. निदान मागे कुणी होतं का, तेवढं कळलं तर बरं." ते वाक्य घेऊन मी खाली आलो.

आप्पा, तुम्ही सुगी झाली की बैलावर बसून, पाय घोंगडीत झाकून यजमानांच्या दारात जायचात. घरातली माणसं हात जोडून उभी राहायची आणि तुम्ही त्यांचे पूर्वज म्हणायचात, कोण कुठल्या गावाहून उठून आला इथपासून. आपण हेळवी, लोकांच्या पिढ्या ध्यानात ठेवणं हेच आपलं पोट. एकदा तुम्ही मला म्हणायला लावलंत. मी घाबरलेला, भराभर म्हणत सुटलो आणि तुम्ही सगळ्यांदेखत थांबवलंत. "मधला भाऊ कुठाय?" मी म्हणालो, "आप्पा, तो तर गाव सोडून गेला होता ना, परत आलाच नाही." तुम्ही म्हणालात, "गेला म्हणून काय झालं? आईच्या पोटी आला होता का नाही? पहिल्यापासून म्हण." मला तेव्हा तुमचा राग आला होता.

घरमालकाच्या आजोबांच्या लग्नाची नोंद इथल्या चर्चमध्ये मिळाली. तीत त्यांच्या बापाचं नाव आणि आयर्लंडमधला जिल्हा होता, गाव नव्हतं. मी त्या जिल्ह्यातल्या सगळ्या चर्चना पत्रं लिहिली, प्रत्येक स्पेलिंग डिक्शनरीत बघून. तुमची सून हसायची. "अहो, भाडं द्यायचं सोडून तुम्ही घरमालकाचा आजा शोधताय!" मग एका पाद्र्याचं उत्तर आलं. त्या आडनावाचा एक म्हातारा शेतकरी आमच्याकडे आहे, त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही, रविवारच्या प्रार्थनेनंतर त्याला फोन करा.

रविवारी फोन स्पीकरवर टाकलाय. घरमालकाने इस्त्रीचा शर्ट घातलाय, फोनवर बोलायला. मी घरमालकाचं नाव सांगू लागतो, तर तिकडून आवाज येतो, "नाव राहू दे. तो कुणाचा?" आप्पा, आपल्याकडे पारावर बसलेलं माणूस असंच विचारतं. घरमालकाने आजोबांचं नाव घेतलं, त्यांच्या बापाचं घेतलं. मग तो म्हातारा म्हणू लागला. अमक्याचा तमका, तमक्याचा अमका, कोण डोंगराकडच्या घरातला, कोण पाण्यात बुडाला. पिढ्यांत वर गेला, खाली आला, कुठे अडखळला नाही. आणि म्हणाला, "माझ्या आजोबांना चार भाऊ. सगळ्यात धाकट्याला आई गेल्यावर बोटीने नेलं. पुन्हा काही कळलं नाही. पण आमच्या घरात भाऊ मोजताना तो नेहमी मोजला."

घरमालक खुर्चीवरून उठून उभा राहिला. फोनपुढे, हात खाली सोडून. तिकडून विचारलं, "ऐकतोयस ना?" याने नुसती मान हलवली. मीच म्हणालो, "ऐकतायत. उभे राहिलेत." म्हातारा हसला. "बसव त्याला. अजून त्याची आत्या, मावशी सगळ्या राहिल्यायत." समुद्रापलीकडे, दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या भाषेच्या माणसाच्या तोंडी तुमचंच काम चालू होतं, आप्पा, आणि तुम्ही त्याला शिकवलेलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर घरमालकाने चहा केला. स्वतः केला, दूध घालून, माझ्यासाठी. आणि म्हणाला, "आता तुझे पूर्वज सांग." मी तुमचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं आणि अडकलो. जन्मभर आपण यजमानांच्या पिढ्या म्हटल्या, आपल्या घराच्या मी कधी विचारल्या नाहीत. तो कप हातात धरून वाट बघत होता, इतक्या आनंदात होता की मला थांबवेना. मी एक नाव घेतलं. तो ते माझ्यामागून नीट म्हणाला, दोनदा.

ते नाव मी बनवलेलं होतं, आप्पा.