डाव्या पिळाचा गोट

प्रिय निकासिया,

आपलं वस्त्र घरी आलं! एकतीस वर्षांपूर्वी, पितरांच्या दिवशी, देवघरातल्या गाठोड्यातून चोरीला गेलेलं ते वस्त्र परवा आपल्या डोंगरावर परत आलं. ट्रक दिसला तशी सगळी वस्ती रस्त्यावर धावली. ओझी वाहणाऱ्या लामांच्या कानांत लाल गोंडे, म्हाताऱ्यांच्या गालांत चघळायची कोकाची पानं, आणि भर चौकात मंत्र्यांना घाम फोडणारी तुझी आई मात्र हुंदके देत उभी.

पण ते मी आणलं नाही, बासिलिया मावशीने आणलं. राजधानीतल्या ज्या कचेरीत ते ठेवलं होतं तिथे मी तासभर बोलले. ज्याला तुम्ही नक्षी म्हणता तो आमचा ग्रंथ आहे, म्हटलं. मधला काळा पट्टा आमचं पठार, बाजूच्या रेघा आमची शेतं, भोवतीच्या गोटावर, त्या काठपट्टीवर, विणलेले डोळे आहेत, ते आमच्यावर नजर ठेवतात. आमचं कापड चोरणाऱ्याने आम्हाला आंधळं केलं! साहेब शांतपणे म्हणाला, "बाई, भाषण उत्तम. पण या वस्त्रावर तीन गावांचा दावा आहे. पुरावा काय?" मी दुसरं भाषण काढणार होते. तेवढ्यात मागून मावशी बोलली. सभेत कधी तोंड न उघडणारी तुझी मावशी! "पेटी उघडू नका. आधी मी सांगते. गोटाचं सूत डाव्या पिळाचं आहे, पीडा आत येऊ नये म्हणून. एका कोपऱ्यापासून वीतभर सोडून तीन बोटं तो पीळ सुलटा होतो. विणणारी तिथे मेली. पुढचं तिच्या लेकीने विणलं, तिला डावा पीळ येत नव्हता. तीन बोटांनंतर आला."

साहेबाने पेटी उघडली आणि तो भिंग घेऊन वाकला. वीत मोजली, तीन बोटं मोजली. मग म्हणाला, "आजी, हे कुठे वाचलंत?" मावशी म्हणाली, "बोटांनी. दरवर्षी ते गाठोडं मीच सोडत होते." निकासिया, हिला अक्षर वाचता येत नाही, आणि त्या कचेरीतला एकही पदवीधर तिच्यापुढे उभा राहू शकला नाही! येताना बसमध्ये मला म्हणते, "तुझ्या तोंडाची टकळी फिरते तशी हातातली फिरली असती तर!"

निघताना साहेबाने विचारलं होतं, "तुमच्यानंतर हे कोण वाचणार?" तिने माझ्याकडे बघितलं.

तू अकरा वर्षांची होतीस. मावशीच्या अंगणात तुझा पहिला पट्टा मागावर होता. मी सभेहून आले आणि कात्रीने तो मधोमध कापला. "माझी पोरगी पुस्तक धरेल, टकळी नाही!" मागावरचं कापड आपल्यात कुणी कापत नाही, चारही काठ पुरे झाल्याशिवाय ते जन्मत नाही. मावशी त्या दिवशी जेवली नाही. तू पूल बांधतेस, याचा मला अभिमान आहे, चौकाचौकांत सांगते. पण तू पुन्हा सुताला हात लावला नाहीस, त्याला मी इतकी वर्षं माझा विजय म्हणत आले. तो तुकडा मी टाकला नव्हता. या पत्रासोबत पाठवते आहे. कापलेल्या काठाला गोट घातलाय, सूत माझ्या हातचं, मावशी शेजारी बसून हसत होती. पहिली तीन बोटं पीळ सुलटाच पडलाय. त्याच्या पुढे बोट फिरवून बघ.

तुझीच,
आई